आठ जागांची मोहीम आणि चाळीस मिनिटांची हकीकत

श्री धन्वंतरी प्रसन्न. वाचणारांस आरोग्य असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, समुद्रापलीकडील एका थोर राज्यात ऋजुता सबनीस नामे सतरा वर्षांच्या कन्येने वैद्यकीच्या दुहेरी सनदेवर मोहीम केली. तिचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले असे.

त्या राज्याची चाल ऐसी जे, डॉक्टर व्हावयाचे तर आधी चार वर्षे साधी पदवी घ्यावी, मग नव्याने परीक्षा देऊन आणि नव्याने अर्ज करून वैद्यकशाळेच्या दारी उभे राहावे, आणि तेथून बहुत जण माघारी फिरत. परंतु काही विद्यापीठे ऐसी होती की शाळेतूनच मोजकी मुले निवडून त्यांस पदवी आणि वैद्यकी या दोहोंची सनद एकदमच देत, म्हणजे आठ वर्षे पुन्हा कोणी दाराशी अडविणे नाही. ऋजुतेने ज्या विद्यापीठावर नजर ठेविली तेथे ऐशा जागा आठ आणि अर्ज दोन हजार. मातोश्री नीलांबरीबाई यांणी भागाकार करून पाहिला आणि म्हणाल्या, "अडीचशेत एक. म्हणजे उरलेली दोनशे एकोणपन्नास पोरं त्या दिवशी आजारी पडायला हवीत." ऋजुता बोलिली, "पडली तर डॉक्टर लागतीलच की, आई." मग मोहीम मुक्रर जाहली. त्या मुलखात हर्षवर्धन गुप्ते नामे मसलतकार होते, प्रवेशाचे डावपेच सांगणे हाच त्यांचा हुद्दा, आणि दहा वर्षांत त्यांणी एकवीस मुले ऐशा जागांवर बसविली होती, सबब त्यांचा शब्द घरोघरी मानीत. त्यांणी फर्माविले की गुण हवेत, प्रयोगशाळेचे काम हवे, रुग्णसेवा हवी, आणि या सर्वांवर कळस म्हणून साडेसहाशे शब्दांचा निबंध हवा. मग ऋजुतेने सोळाशे गुणांच्या परीक्षेत पंधराशे साठ मिळविले, आणि एका प्रयोगशाळेत पारदर्शक माशांच्या हृदयाचे ठोके मोजण्याचे काम आठ महिने केले, आणि शनिवारी गावातील धर्मार्थ दवाखान्यात दुभाषी म्हणून रुजू जाहली, कारण तेथे मुलांकडे राहावयास आलेली मराठी वृद्ध मंडळी येत आणि त्यांस राजभाषा येत नसे. ऋजुतेची मराठी घरातील. जेवणखाण, रागावणे, सणवार एवढ्यापुरती ती पुरत असे, आणि आपली मराठी उत्तम आहे ऐसा तिचा समज होता.

आषाढमासी एका शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी द्वारकाबाई निमकर, वय बाहत्तर, मूळ गाव मिरजेजवळ, मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या, दवाखान्यात आल्या आणि खुर्चीत बसून म्हणाल्या, "पोरी, जीव लई घाबरा होतोय गं. सकाळधरनं." डॉक्टरीण मार्गारेटबाई यांणी विचारिले, काय म्हणतात? ऋजुतेने राजभाषेत सांगितले, "त्यांना भीती वाटते आहे." छाती दुखते काय ऐसे विचारिले, तर द्वारकाबाईंनी नाही म्हणून मान हलविली. मग मार्गारेटबाईंनी रक्तदाब पाहिला, तो ठीक निघाला, आणि परमुलखात एकटे वाटून ऐसे होते ऐसा कयास करून त्यांस शांत खोलीत बसविले, पाणी दिले, आणि पुढील रोगी घेतला. ऋजुता त्यांचा हात धरून बसली. हात ओला आणि गार होता. आता हीस मोजमापाची सवय, सबब मनात आले की खोलीत पंखा आहे, उकाडा नाही, मग कपाळावर घाम का? आणि भीती आहे तर म्हातारी गप्प बसून भिंतीकडे का पाहते? मग तिने विचारिले, "आजी, कशाची भीती वाटते तुम्हाला?" द्वारकाबाई म्हणाल्या, "भीती? मी कुणाला भिऊ? तुझ्या त्या गोऱ्या बाईला?" हे ऐकोन ऋजुता लागलीच उठली. ती बाहेर आली आणि मातोश्रींस फोन केला. "आई, जीव घाबरा होणं म्हणजे काय?" "का गं, काय झालं?" "आई, फक्त अर्थ सांग!" "अगं, घाबरणं नव्हे ते. आतून कासावीस होतं, श्वास पुरत नाही, आता पडतो की काय असं वाटतं. तुझ्या आजोबांना झालं होतं तेव्हा..." पुढील वाक्य ऋजुतेने ऐकिले नाही. ती धावत मार्गारेटबाईंकडे गेली आणि त्या दुसऱ्या रोग्यासमोरच म्हणाली, "मी चूक सांगितलं. ती भीती नाही. माझा शब्द चुकला." तेव्हा घड्याळात अकरा वाजले होते. लागलीच हृदयाचा आलेख काढिला, तो पाहून मार्गारेटबाईंनी रुग्णवाहिका बोलाविली, आणि इस्पितळात द्वारकाबाईंची तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केली, आणि सहावे दिवशी त्या घरी आल्या. परंतु हृदयाचा थोडा स्नायू गेला तो गेलाच. त्यातील चाळीस मिनिटांचा वाटा किती, ऐसे ऋजुतेने विचारिले असता मार्गारेटबाई म्हणाल्या की ते कोणासही सांगता येणार नाही.

मग भाद्रपदात निबंधाची मसलत बसली. गुप्तेसरांनी ही हकीकत ऐकिली आणि त्यांचे डोळे चमकले. "अगं, हीच तर गोष्ट! सतरा वर्षांची मुलगी गार हात बघते, घाम बघते, संशय घेते, प्राण वाचवते. संपलं. सीट तुझी." ऋजुता म्हणाली, "सर, आणि माझा चुकीचा शब्द?" "तो कशाला? निबंधात अपयश दाखवायचं ते मऊ दाखवायचं. सायकलवरून पडले, व्हायोलिन सोडलं. पेशंट दाखवायचा नाही." नीलांबरीबाई मध्ये पडल्या, "ऋजू, सरांचं म्हणणं खोटं कुठंय? तूच ओळखलंस ना शेवटी?" "हो. पण त्या आलेखाला चाळीस मिनिटं उशीर माझ्यामुळे झाला. ती कुठे लिहू?" "लिहूच नकोस!" "मग डॉक्टर झाल्यावरही लिहायची नाहीत का?" यावर नीलांबरीबाई उठोन स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी मोठ्याने लावू लागल्या. गुप्तेसर म्हणाले, "दहा वर्षांचा अनुभव आहे माझा. हे धाडलंस तर मी जबाबदार नाही." ऋजुता म्हणाली, "बरोबर आहे, सर. मीच आहे."

मग ती द्वारकाबाईंकडे परवानगी मागावयास गेली. त्या सुनेच्या पडवीत लसूण सोलीत होत्या. सर्व ऐकोन म्हणाल्या, "म्हंजे तू माझं चुकीचं सांगितलंस, आन् मला आत्ता कळतंय व्हय?" ऋजुता मान खाली घालून उभी. "बस. उभ्यानं काय रडतीस. लिही की. माझं नाव तेवढं नीट घाल, इस्पितळात डॉर्का करून ठेवलं होतं." "नाव नाही घालायचं, आजी. नियम आहे." "मग विचारायला कशाला आलीस?" ऐसे म्हणोन त्यांणी तिच्यापुढे लसणाचा अर्धा ढीग सरकविला. त्या बैठकीत ऋजुतेने विचारिले की अंगाला काय काय होते ते तुम्ही कैसे सांगता, आणि द्वारकाबाईंनी सांगितले, की डोळ्यांपुढं अंधारी येते, पोटात कालवतं, अंगात कसकस होते, पायात गोळे येतात, आणि पुढील शनिवारपासून ऋजुतेने इतर वृद्धांसही विचारून एकशे बारा बोल जमविले आणि प्रत्येकापुढे शरीरात नेमके काय होते ते राजभाषेत मांडिले, आणि मार्गारेटबाईंनी तो कागद दवाखान्यात लावविला. निबंधात ऋजुतेने आधी चूक लिहिली, मग घाम लिहिला, मग कागद. अर्ज गेला.

माघमासी मुलाखतीस बोलाविणे आले. गुप्तेसरांसही नवल वाटले. तेथे तिघे पंच बसले होते, पैकी एक वृद्ध शल्यवैद्य, त्यांणी चष्मा काढून पुसला आणि पुसिले, "अशी चूक पुन्हा झाली तर?" ऋजुता बोलिली, "होईल. दुसरी होईल. म्हणून आता रोग्याचा बोल सांगून झाला की मी त्यालाच विचारते, हेच म्हणायचं होतं ना? त्याला अर्धं मिनिट लागतं." शल्यवैद्य म्हणाले, "आणि ते अर्धं मिनिट नसेल तर?" तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत नाही." तिघांनी काही लिहून घेतले. काय लिहिले ते कळले नाही.

फाल्गुन वद्यपक्षी पत्र आले. दुहेरी सनद नाही. साध्या पदवीस आनंदाने घेतो, वैद्यकीचे चार वर्षांनी पाहू, ऐसा मजकूर. कारण लिहिले नव्हते, आणि एका पत्रावरून कारण काढणे शास्त्रास धरून नाही, सबब येथेही लिहीत नाही. गुप्तेसरांचा फोन आला, तो नीलांबरीबाईंनी घेतला. पलीकडून बोलणे बराच वेळ चालिले, आणि ऋजुता जिन्यात उभी राहून ऐकत होती. शेवटी नीलांबरीबाई म्हणाल्या, "नाही हो सर. तुमचं ऐकलं असतं तर सीट कदाचित मिळाली असती. पण माझे वडील त्याच दुखण्यात गेले. माझ्या आईनं डॉक्टरला सांगितलं होतं, जरा घाबरलेत." आणि फोन ठेविला. ही गोष्ट त्या घरात पूर्वी कोणी बोलिले नव्हते. मग मायलेकी जिन्याच्या पायरीवर बसल्या. मग नीलांबरीबाईंनी विचारिले, "चार वर्षांनी परत अर्ज करायचा. तेव्हा निबंध काय लिहिशील?" ऋजुता म्हणाली, "हाच. चाळीस मिनिटं काही कमी होणार नाहीत."

येणेप्रमाणे मोहिमेचे वर्तमान. जागा आठ होत्या, त्यांत ही नाही. साध्या पदवीचे प्रवेशपत्रक त्याच दिवशी सायंकाळी भरिले, आणि विषयांत रसायन, जीवशास्त्र आणि मराठी ऐसे तीन घेतिले. लिहिण्यात शब्द चुकला असल्यास वाचणारांनी विचारून घ्यावा.