खुर्चीचा पाय

कॅप्टनची खोली जाणार, हे सुतार टेप घेऊन दारात उभा राहिला तेव्हा पक्कं झालं.

"बाबा, आज फक्त माप घेतोय," सूनबाई म्हणाली.

फक्त! कॅप्टननी एकतीस वर्षं फौजेत सिग्नलचं काम केलं होतं. आधी माप घेतात आणि मग ठाणं घेतात, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

खोली ती केवढी, दहा बाय आठ. एक टेबल, त्यावर जुना रेडिओ सेट आणि मायक, खिडकीतून गच्चीवरच्या अँटेनाकडे गेलेली वायर, आणि टेबलाखाली पायाने दाबायचं पेडल. पेडल दाबलं की आपण बोलायचं, बोलून झालं की 'ओव्हर' म्हणून सोडायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. दाबूनच ठेवलं तर समोरचा बोंबलून मेला तरी आपल्या कानावर काही येत नाही. घरात कॅप्टन पेडलशिवायही तसेच वागतात, असं सूनबाईचं स्वच्छ मत होतं.

रोज सकाळी नऊला रेडिओवर चौघांची हजेरी असे. कॅप्टन, डॉक्टर, पायलट आणि मास्तर. चौघे चार गावांतले, चौघे निवृत्त, एकमेकांची तोंडंही न पाहिलेले. बायको गेल्यापासून कॅप्टनच्या दिवसात नऊ ते साडेनऊ एवढाच काय तो दिवस उरला होता. पण यंदा नातीची बोर्डाची परीक्षा. तिला पलंग हवा, टेबल हवं, लावता येईल असं दार हवं. सगळं रास्त होतं, हीच तर पंचाईत होती.

"सेट माळ्यावर नीट बांधून ठेवू, बाबा. परीक्षा झाली की काढू."

"आमच्या वयाचं काही एकदा माळ्यावर गेलं की खाली येत नाही."

नऊला दहा कमी होते. सेट तापायला लावलेला होता. सुताराने आपली पिशवी सेटपुढे टाकली, खुर्ची रेटून टेबलाखाली सारली, आणि तिचा एक पाय बरोबर पेडलवर जाऊन बसला. सेटवरचा लाल दिवा लागला. तो पिशवीआड होता.

त्या घटकेपासून या खोलीतला शब्दन् शब्द बाकीच्या तीन गावांत जाऊ लागला.

"अर्धी खोली दे," कॅप्टन म्हणाले. "कोपरा दे. मी दाराआड बसेन, खोकणारही नाही."

"बाबा, पलंग मावायला नको का?"

"अगं, मास्तरांचा सेट बघ! हॉलमध्ये, अगदी मधोमध! घरचे मान ठेवतात. आणि मी त्यांना काय तोंड दाखवू? मी सांगून बसलोय, नऊ वाजले की सूनबाई चहा आणून ठेवते, दार लोटते, आत चिटपाखरू येऊ देत नाही."

"असं कधी सांगितलंत?"

"रोज."

सूनबाई टेपचं दुसरं टोक धरायला वळली. कॅप्टन म्हणाले, "ते तिघे सोडून माझ्याशी बोलतं कोण? तुम्ही सगळे चांगले आहात गं. पण तुम्ही कामात असता."

नेमका तेवढ्यात सुताराचा हात लागून फळीवरची सेटची जडशीळ बॅटरी धाडकन खाली आली, ती कॅप्टनच्या अंगठ्यावर.

"मेलो!" कॅप्टन ओरडले, आणि अंगठा धरून मटकन जमिनीवर बसले. मग वेदनेने त्यांची वाचाच बसली. सूनबाई बर्फ आणायला धावली, सुतार तिच्यामागे. खोली शांत झाली.

वीस मिनिटांनी दारात स्ट्रेचर घेऊन दोन माणसं हजर.

"पेशंट कुठंय?"

"कसला पेशंट?" सूनबाई म्हणाली.

"एका डॉक्टरांनी बाहेरगावाहून फोन केला. म्हणाले, घरात भांडण झालं, धाडकन आवाज आला, म्हातारा 'मेलो' म्हणाला आणि मेला. सगळं रेडिओवर ऐकलं म्हणे."

कॅप्टननी टेबलाखाली पाहिलं. खुर्ची, पेडल, पेडलवर पाय. पिशवी उचलली. लाल दिवा. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खुर्ची ओढली, तसा स्पीकर खरखरला.

"कॅप्टन! आहात का? ओव्हर." डॉक्टरांचा घसा ओरडून बसला होता.

"आहे. अंगठा सोडून बाकी सगळा आहे. ओव्हर."

आता हसतील, कॅप्टनना वाटलं.

"माझा सेट जिन्याखाली आहे," डॉक्टर म्हणाले. "चपलांच्या कपाटाशेजारी. तुम्हाला वेगळी खोली सांगितली होती ना? ती थाप. ओव्हर."

"मी पार्किंगमध्ये गाडीत बसून बोलतो," पायलट म्हणाले. "गाडी चालू होत नाही, म्हणून मुलाने अजून विकली नाही. ओव्हर."

सुतार फिसकन हसला. स्ट्रेचरवालेही हसले. कॅप्टनना जरा धीर आला.

"मास्तर, तुमचं बरं आहे बुवा. हॉलमध्ये, मधोमध. ओव्हर."

नुसती खरखर. मग मास्तर म्हणाले, "हो, हॉलमध्येच आहे. बेडरूममध्ये ठेवला तरी चालेल. जेवणाच्या टेबलावरही चालेल. सरका म्हणणारं घरात कोणी राहिलंच नाही. ओव्हर."

कॅप्टन सुताराला म्हणाले, "पूर्ण खोलीचं माप घे. आणि मला दोन फुटांची एक फळी करून दे. स्वयंपाकघरात, फ्रीजशेजारी."

"बाबा, तिथे सकाळी केवढा गोंधळ असतो!"

"असू दे."

सोमवारी नऊला कॅप्टन फ्रीजला खेटून बसले आणि त्यांनी पेडलवर पाय ठेवला. मिक्सर सुरू होता. "बाबा, सरका, दूध काढायचंय." "आजोबा, माझा डबा!" "अरे, गाडीची किल्ली कोणी उचलली? रोजचं झालंय हे!" कॅप्टनचा मुलगा ओरडला. कॅप्टन एक शब्दही बोलले नाहीत. तीन मिनिटांनी त्यांनी पाय उचलला.

"माफ करा मास्तर, घरात जरा गडबड आहे. ओव्हर," असं म्हणायचं त्यांच्या मनात होतं, पण मास्तरच आधी बोलले.

"किल्ली सापडली का हो? ओव्हर."

कॅप्टननी मागे वळून पाहिलं. सापडली नव्हती. त्यांनी पुन्हा पेडलवर पाय ठेवला आणि तो तसाच राहू दिला.