साहेबांपेक्षा एक बोट कमी

"बोर्ड उभा धरला की हनुवटीला लागला पाहिजे," स्नोबोर्ड भाड्याने देणाऱ्या दुकानातल्या शिमाकोआजींनी तिसऱ्यांदा सांगितलं. तोकिता सहा फूट उंच, वजन नव्वद किलो. त्याने एकशे साठ सेंटीमीटरचा बोर्ड उचलला, हनुवटीला लावला आणि गुपचूप जागेवर ठेवला. कारण ऑफिसच्या सहलीत सगळ्यांच्या आधी कुनिएदा साहेबांनी बोर्ड निवडला होता, आणि तो एकशे पंचवीसचा होता.

"साहेब एकशे पंचवीसवर आणि तू एकशे साठवर? डोकं ठिकाणावर आहे ना?" विभागप्रमुख कुरामोची कुजबुजले. त्यांनी स्वतः एकशे बावीसचा काखेत मारला होता. बाकीचे तिघे हुद्द्याप्रमाणे आणखी आखूड घेत गेले. तोकिता सगळ्यांत नवा. त्याची बायको आणि पाच महिन्यांची मुलगी साप्पोरोला, आणि बदलीचा अर्ज दोन महिने कुरामोचींच्या खणात. अशा वेळी माणूस उंची बघतो की खण?

"आजी, याहून लहान?"

"याहून लहान म्हणजे पाट, बाळा. त्यावर बसून जेव!"

तोकिता शंभरचा बोर्ड घेऊन डोंगरावर गेला. रात्री ताजा बर्फ पडला होता. उभा राहिला तसा तो कमरेपर्यंत आत गेला. कुरामोची मात्र दहा फूट घसरले आणि मग डोक्यावर उभे राहिले. तोकिताने त्यांना पाय धरून उपसलं.

"साहेब कसे जातायत बघ, शीक जरा!" तोंडातला बर्फ थुंकत ते म्हणाले.

साहेब कुठेच जात नव्हते. पाचही जण धडपडत खाली आले, तर साहेब दुकानाच्या बाकावर आमाझाके, म्हणजे तांदळाचं गरम गोड पेय, पीत बसलेले. बोर्ड कोराच.

"साहेब, तुम्ही आला नाहीत?" कुरामोचींनी विचारलं.

"मी? माझे गुडघे कधीच गेले. हा नातीसाठी. नऊ वर्षांची आहे, दुपारच्या गाडीने येतेय." साहेबांची नजर पाचही बोर्डांवरून फिरली. "तुमचीही पोरं येतायत वाटतं?"

"हो, साहेब!" कुरामोची म्हणाले. ते अविवाहित होते.

"तुझं केवढं रे, तोकिता?"

"पाच महिन्यांची, साहेब."

"पाच महिन्यांची बोर्डवर?"

कुरामोचींनी डोळे वटारले. पण तोकिताच्या बुटात बर्फ होता, चड्डीत बर्फ होता, आणि आता त्याला कशाचंच भय वाटेना. "ती येत नाहीये, साहेब. साप्पोरोला असते. मी तिला दोनदाच पाहिलंय. बदलीचा अर्ज दिलाय."

"कुणाकडे?"

तोकिता बुटातला बर्फ झाडू लागला. बाकीच्या तिघांनी कुरामोचींकडे पाहिलं.

"माझ्याकडेच आहे, साहेब," कुरामोची म्हणाले. "सोमवारी करणारच होतो."

सोमवारी नऊच्या ठोक्याला अर्ज तोकिताच्या टेबलावर आला. कुनिएदा साहेबांचा मंजुरीचा शिक्का ताठ उभा होता. शेजारी कुरामोचींचा, हाताखालच्यांच्या रिवाजाप्रमाणे साहेबांच्या शिक्क्याकडे अदबीने झुकलेला. या खेपेला मात्र इतका झुकला होता, की चक्क आडवा पडला होता.