नरसो त्रिमळांच्या सुपाऱ्यांची हकीकत

श्रीगजाननास नमन, शारदेस नमन, आणि ज्यांचें बोलणें वेळीं ऐकिलें नाहीं त्या समस्तांस दुहेरी नमन. शके अमुक, वितंडनाम संवत्सरे, फाल्गुन वद्य षष्ठीस वर्तमान जाहलें तें ऐसें जे, एका राज्यीं चाल होती कीं कोणतीही आज्ञा शिक्क्यास जाण्याआधीं वादकारानें तिजविरुद्ध बोलावें, आणि पटली म्हणजे तबकांत सुपारी ठेवावी, मग शिक्का व्हावा. वादकार नरसो त्रिमळ. महाराजांनीं "करावें" म्हटलें कीं पंतांनीं "परंतु" म्हणावें, आणि महाराजांचें ताट निवावें, ऐसीं वीस वर्षें गेलीं. तों टोपीकरांचा वकील दरबारीं आला आणि बोलतां बोलतां म्हणाला, "आमचे मुलखीं अशांस दोन शब्द. आर्ग्युमेंटेटिव्ह तो, जो मुद्द्यासाठीं वाद घालतो आणि पटलें कीं थांबतो. कंटेन्शस तो, जो वादासाठीं मुद्दा धुंडितो, त्यास थांबणें ठाऊक नाहीं. शब्द शेजारी, पण चुली वेगळ्या." महाराजांनीं पुसिलें, "मग आमचे पंत कोणते?" सरदार एकमुखें वदले, "दुसरे, महाराज! साफ दुसरे!" पंत उठून म्हणाले, "परंतु महाराज..." आणि दरबार खदखदां हांसला, आणि महाराजही हांसले, आणि त्याच हांशांत पंतांस निरोपाचा विडा दिला.

मग महाराजांचे मनीं आलें कीं गडावरील तळें हत्तींस उथळ, तळचा खडक सुरुंगानें फोडावा. पुसिलें, "कोणास कांहीं बोलणें?" सरदार म्हणाले, "वाहवा! प्रत्यक्ष भगीरथ!" महाराजांनीं क्षणभर वाट पाहिली. कशाची, तें त्यांस उमगलें नाहीं. मग सुरुंग उडाला, आणि खडकास चीर जाऊन तळें एका प्रहरांत गडाखालीं उतरलें, आणि वैशाखांत माणसें उतरलीं, आणि शेवटीं हत्तीही उतरले.

मग महाराज एकले बसले असतां चिटणिसानें जुनी थैली पुढें ओतली. सुपाऱ्याच सुपाऱ्या. "पंतांच्या, महाराज. दर पटल्या गोष्टीस एक." महाराज एक एक मोजूं लागले. दुसऱ्या शब्दाच्या माणसाची थैली रिकामी असती.

मग स्वतां पंतांचे दारीं गेले, आणि पंतांनीं घोंगडी अंथरली, पाणी दिलें. महाराज म्हणाले, "पंत, तळ्याची चीर बुजवितों. चुना नको, नुसता चिखल लावितों. बोला."

"उत्तम, महाराज."

"अहो, चिखल पहिल्या पाण्यास वाहून जाईल!"

"महाराज म्हणतील तसें."

"पंत, एकवार तरी परंतु म्हणा हो!"

पंतांनीं कनवटीची सुपारी काढिली, महाराजांचे हातीं ठेविली, आणि नमस्कार केला.

येणेंप्रमाणें राज्यांत वाद राहिला नाहीं. सर्वत्र एकमत आहे. पाणी खालून आणितात.