वादळवीराची हजामत

"या खटाऱ्याला दुकानाबाहेर काढलं नाही, तर नाव लावणार नाही!" शनिवारी सकाळी बाइंडरने कटिंग मशीनला सणसणीत लाथ हाणली आणि पाय धरून स्टुलावर बसला. मशीन ढिम्म!

राग येणार नाही तर काय होणार? तीस वर्षं माणूस पुस्तकं बांधतोय, आणि हे दळभद्री मशीन प्रत्येक गठ्ठा तिरका कापायचं. मागच्या आठवड्यात शाळेने चारशे वह्या परत पाठवल्या. वर निरोप, "पुढच्या खेपेलाही असंच झालं तर दुसरा बाइंडर बघू." आता नवं मशीन आलं नाही, तर दुकानाला कुलूप लागणार होतं.

पण बाइंडरकडे हुकमाचा एक्का होता! लहानपणी हट्टाने मिळवलेला 'वादळवीर' कॉमिक्सचा पहिला अंक. मुखपृष्ठावर वादळवीर: हिरवा झगा, कमरेवर हात, छाती पुढे. जुनी कॉमिक्स पारखणाऱ्या एका गृहस्थांनी फोटो बघूनच सांगितलं होतं, "अंक असाच निघाला तर एक सोडून दोन मशीनं येतील. रविवारी येतो. तोवर हात लावू नका."

बाइंडरने हा हुकूम घरात कडक लागू केला.

"अंकाच्या ट्रंकेपाशी काय करतेस?" तो बायकोवर डाफरला.

"अहो, वरची धूळ पुसतेय फक्त."

"धूळसुद्धा पुसायची नाही! पारखी म्हणालेत!"

आणि त्याच दुपारी अंक काखोटीला मारून स्वारी दुकानात निघाली!

"अहो, हात लावायचा नाही ना?"

"ते अडाण्यांसाठी! कागदात माझे केस पिकले, मला शिकवतेस? पिना गंजल्यात, कोपरा फाटलाय, कडा झिजून पिवळ्या पडल्यात. असलं ध्यान पाहुण्यापुढे ठेवू? माझ्या हाताची काही अब्रू आहे की नाही?"

रविवारी पारखी आले. पांढरे हातमोजे चढवले, भिंग काढलं, छोटी पट्टी काढली. बाइंडर मुलगी दाखवायला बसलेल्या बापासारखा सावरून बसला.

"पिना नव्या आहेत," पारखी म्हणाले.

"आहेतच! स्टीलच्या. जन्मात गंजणार नाहीत."

"कोपरा चिकटवलाय."

"खळ माझ्या हातची! ओढून बघा!"

"झग्याचा हिरवा रंग जरा..."

"उडाला होता. मी भरला. पक्की शाई आहे, पाण्यात घाला वाटल्यास!"

पारख्यांनी पट्टी लावली. पुन्हा लावली. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"अंक लहान कसा झाला हो?"

"तिन्ही बाजू छाटल्या. केवढ्या खराब होत्या!"

"अहो, तुम्ही वादळवीराची हजामत केलीत!" पारखी कळवळले आणि त्यांनी हातमोजे काढून खिशात टाकले. "आता यांची गरज नाही."

बाइंडरचं डोकंच फिरलं. "म्हणजे? गंजका होता तेव्हा सोनं, आणि नीटनेटका केला तर माती? हा कुठला न्याय?"

"जसा छापला तसा हवा असतो. आता वाचायला छान आहे. ठेवा घरी."

"आणि शाळेच्या वह्या?" बायकोने हळूच विचारलं.

तेवढं पुरे झालं. बाइंडर तिच्यावरच उखडला. "तू मला अडवलं का नाहीस?"

"अडवलं की!"

"जोरात अडवायचं होतंस!"

"तुमच्यापेक्षा जोरात? या घरात?"

बाइंडरच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ओरडायला माणूस उरलं नव्हतं.

पारखी उठले. दारात थबकले आणि अंक परत देता देता त्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "एक विचारू? हे कशावर कापलंत? इतकी सरळ कड मी आजवर बघितली नाही. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. असलं मशीन हाताशी असताना नव्याच्या भानगडीत कशाला पडता?"

बाइंडरने अंक हिसकावून घेतला. गुण्या लावला. चारही कोपरे काटकोनात! चारशे वह्यांत एकदा जमलं नाही ते नेमकं काल!

तो तसाच तरातरा दुकानात गेला. कोण जाणे, खटारा सुधारला असेल! मोठ्या आशेने त्याने शाळेची एक वही पात्याखाली सरकवली आणि दांडा ओढला.

वही तिरकी कापली गेली.

या वेळी त्याने डाव्या पायाने लाथ मारली. उजवा कालपासून सुजलेला होता.