ग्रंथपालांच्या कानातली कुंईं

रविवारी जेवण आटोपून आडवं होता होता ग्रंथपालांनी ठरवलं, की आज काहीही झालं तरी त्या आवाजाचा छडा लावायचाच. (ग्रंथपालांनी काही ठरवलं की त्यांची बायको आधी काचेचं सामान उचलून वर ठेवायची. अनुभव असतो एकेकाला.)

आवाज तसा बारीक होता. लांब कुठेतरी कुकरची शिट्टी व्हायला आलीय, पण होत नाहीये, असा. कुंईंईं! आठवडाभर त्याने ग्रंथपालांचा पिच्छा पुरवला होता.

"तुला ऐकू येतोय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"काय?"

"कुंईं."

"नाही बुवा."

"नीट ऐक की जरा!"

बायकोने भाजी निवडायची थांबवून कान टवकारले. "तुमचं पोट वाजतंय," ती म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

ग्रंथपालांचा पहिला संशय फ्रिजवर गेला. त्यांनी त्याचा प्लग उपटला. कुंईं चालूच. मग टीव्ही, मग पंखा, मग इस्त्री (ती बंदच होती, पण संशय घ्यायला काय जातंय). शेवटी त्यांनी सरळ मेन स्विचच खाली ओढला. घर असं चिडीचूप झालं, की कुंईंला अगदी कंठ फुटला.

"सापडलं!" ग्रंथपाल अंधाऱ्या पॅसेजमधून ओरडले. "घरात काहीच चालू नाही आणि आवाज तर येतोय. म्हणजे तो वरून येतोय!"

आणि दूध, आइस्क्रीम, मटार या सगळ्यांना वाऱ्यावर सोडून ते जिना चढले.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त दंतवैद्य राहत होते. ग्रंथपालांचे जिवलग दोस्त. दर रविवारी संध्याकाळी दोघांचा बुद्धिबळाचा डाव रंगायचा. पण मैत्री मैत्रीच्या जागी आणि कान कानाच्या जागी. दार उघडताच ग्रंथपालांनी तोफ डागली.

"डॉक्टर, तुम्ही घरात ड्रिल चालवताय!"

दंतवैद्य झोपेतून उठून आले होते. "मी? कोणाच्या दातांवर?"

"ते मला काय ठाऊक? वहिनींच्या असेल!"

"काहीतरीच काय!" आतून वहिनी कडाडल्या. "माझी तर कवळी आहे!"

जिन्यात एकदम सन्नाटा पसरला. कारण शेजारणी जमल्या होत्या, आणि 'या वयातही काय दात आहेत हो तुमचे!' असं याच शेजारणी वहिनींना उठता बसता म्हणायच्या. वहिनींना आपण काय बोलून बसलो ते उमगलं. आतलं एक दार धाडकन लागलं. मग बाहेरचंही लागलं. त्या संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडला गेला नाही. पुढच्या रविवारीही नाही.

इकडे ग्रंथालयात वेगळाच तमाशा. ग्रंथपाल टेबलावर हात आपटून ओरडले, "शांतता राखा!" आणि वर बघतात तो वाचनकक्षात चिटपाखरू नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती हसली नाही.

"अहो, दोन्ही कानांत बोटं घाला बघू," ती म्हणाली. "आता?"

"आता तर जास्तच जोरात येतोय."

"मग आवाज वरचा नाही. तुमच्याच डोक्यातला आहे."

ग्रंथपालांनी कानांतली बोटं काढली. "म्हणजे मला वेड लागतंय?"

"ते मी कशाला सांगू? उद्या कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

आधी तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवून एका मुलीने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं आणि बजावलं, "काका, आवाज आला की दाबायचं." ग्रंथपालांनी दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिले. इतके आवाज ऐकू येतायत म्हणजे आपण पहिल्या नंबराने पास, या खुशीत ते काचेतून बायकोकडे बघून हसलेही.

मुलगी दार उघडून आत आली. "काका, मी मशीन अजून चालूच केलेलं नाही."

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. "वेडबिड काही नाही. तुमचे कान थोडे थकलेत. वरच्या पट्टीतले आवाज मेंदूपर्यंत पोचत नाहीत. मग मेंदू आपला कान देऊन बसतो, स्वतःच आवाज वाढवतो. रेडिओवर स्टेशन लागेना की आपण बटण पिळतो आणि नुसती खरखर वाढते ना, तसंच काहीसं."

"जाईल ना पण हे?"

"पूर्ण जाईल असं वचन नाही देत. त्रास मात्र खूप कमी होतो. कानात यंत्रं घाला, बाहेरचे आवाज आत जाऊ देत. आणि अगदी नीरव शांततेत बसू नका."

"अहो, मी ग्रंथालयात काम करतो!"

बाईंना पहिल्यांदाच त्यांची खरीखुरी दया आली.

यंत्रं बसली. कुंईं गेली नाही, पण पाहुण्याने बैठकीतून उठून गॅलरीत जाऊन बसावं तशी दूर सरली. ग्रंथालयातल्या टेबलावर हळू आवाजात पंखा लागला. ग्रंथपालांना गाढ झोप लागू लागली. सलत होती फक्त एक गोष्ट. शेवटी रविवारी बायकोला पुढे घालून ते वर गेले.

दार वहिनींनीच उघडलं, तोंड मिटून.

"वहिनी," ग्रंथपालांनी दोन्ही कान पकडले, आणि त्यांतली यंत्रं काढून तळहातावर धरली. "मी गाढव आहे. ते ड्रिलबिल सगळं माझ्या इथेच होतं. आता तुमची कवळी तशी माझी ही कानकवळी. झाली फिट्टंफाट?"

वहिनींना जे हसू फुटलं, ते कवळीसकट सगळ्या जिन्याला दिसलं. दंतवैद्य आत गेले आणि पट घेऊन आले.

डाव मांडला गेला, पण पुढे सरकेना. कारण यंत्रं पुन्हा कानात चढवून ग्रंथपाल आता या विषयातले पंडित झाले होते. दंतवैद्यांनी प्यादं हलवून कितीतरी वेळ झाला, तरी यांचं चालूच. "कसं आहे डॉक्टर, अशा आवाजाशी भांडायचं नाही. तो बंद व्हायची वाट बघायची नाही. चालू दे म्हणायचं मागे, आणि आपण आपल्या कामाला लागायचं. हळूहळू तो आहे हेसुद्धा जाणवेनासं होतं!"

दंतवैद्यांनी कोपर टेकवून डोळे मिटले. स्वयंपाकघरात वहिनी चहा गाळता गाळता ग्रंथपालांच्या बायकोच्या कानाशी लागल्या. "बाई गं, घरीही इतकं बोलतात? तुम्हाला त्रास नाही होत?"

"सुरुवातीची वर्षं व्हायचा," बायको तितक्याच हळू म्हणाली. "आता आहे हेसुद्धा जाणवत नाही."

नव्या यंत्रांमुळे ग्रंथपालांना शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला.