माया सोड

मंदाकाकू पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा आईनं बसा म्हटलं, पाणी विचारलं, चहा विचारला, पण त्यांचं लक्षच नव्हतं. त्या सरळ हॉलच्या खिडकीपाशी गेल्या, गळ्यातली टेप काढली, खिडकी आडवी मोजली, उभी मोजली आणि वळून म्हणाल्या, "वहिनी, तुमची ही खिडकी झाशीची आहे."

आई म्हणाली, "नाही हो, विद्यानगरचीच आहे. बिल्डरनं लावली."

तर काकूंचं असं आहे की त्यांच्यासाठी जगातली प्रत्येक खिडकी कुठल्या तरी छावणीतली असते. काका सैन्यात सुभेदार. लग्न झाल्यापासून दर दोन-तीन वर्षांनी बदली, नवीन क्वार्टर, नवीन खिडक्या. पडदे मात्र तेच. लग्नाच्या वेळी शिवलेले मोरपंखी पडदे. पठाणकोटला खिडक्या उंच होत्या, झाशीला बुटक्या, तेजपूरला मधल्याच. बुटकी आली की पडदा खालून दुमडायचा, उंच आली की दुमड उसवायची. त्यामुळे पडद्यांच्या खाली रंगाचे पट्टे पडलेत, एक फिका, एक गडद, परत एक फिका. काकू त्यावर बोट फिरवत सांगतात, "ही झाशी. इथं आमची गुड्डी झाली. ही तेजपूर. इथं ह्यांना कावीळ झाली होती." गुड्डी आता लग्न होऊन कॅनडात आहे. काका वर सरहद्दीवर, जिथं घरच्यांना राहता येत नाही. म्हणून काकू आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आल्या. माहेर चिक्कडपल्लीचं, म्हणजे हैदराबाद त्यांचंच.

टेप गळ्यात म्हणजे कायम गळ्यात, मंगळसूत्राच्या वर. एकदा दिलसुखनगरला साडीच्या दुकानात एका बाईनं त्यांना तिथलीच सेल्सवुमन समजून ब्लाउजपीस मागितला. काकूंनी शांतपणे तीन रंग काढून दाखवले, त्यातला एक पसंत करून दिला आणि वर मालकाशी भांडून भावही पाडून दिला. मालक मला विचारत होता, "अम्मा, ये मॅडम कौन हैं?"

त्यांचं मुख्य वाक्य एकच. "कापायचं नाही, दुमडायचं." काकांच्या जुन्या वर्दीची पँट असते ना, तिची भाजीची पिशवी झाली, खिसे तसेच ठेवून, एका खिशात मिरची, एका खिशात सुट्टे. जुन्या घोंगडीचा कुकरला कोट शिवलाय, म्हणजे वरण गरम राहतं आणि गॅस वाचतो. त्याला बटणं पण आहेत, पितळेची. कुकर आमच्या बाबांपेक्षा रुबाबदार दिसतो, असं आई म्हणते.

आता कुडता शिवायचा तर कापड कापावंच लागणार. त्यावर पण काकूंचा तोडगा आहे. कापड त्या कोपऱ्यावरच्या टेलरकडून कापून आणतात. स्वतः कात्री लावत नाहीत. "पाप त्याच्या डोक्यावर," म्हणतात. आणि टेलरला बजावून ठेवतात की दोन्ही बाजूंना चार-चार बोटं माया ठेव.

माया म्हणजे काय ते इथंच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा राडा त्यावरून झाला. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात ना, पुढं अंगाला घट्ट झालं तर उसवून ढिलं करता यावं म्हणून, ती माया. काकांच्या कुडत्याला चार बोटं का, तर काका वर थंडीत असले की वाळतात आणि खाली आले की भरतात. किती वाळलेत ते इथं बसून कळत नाही. त्यामुळे जास्तीचं ठेवायचं.

त्या वर्षी दिवाळीला काका येणार होते. बरीच वर्षं त्यांची दिवाळी आणि सुट्टी जुळलीच नव्हती. ह्यावेळी सुट्टी मंजूर झाली होती आणि काकू अशा काही उडत होत्या की विचारू नका. जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या. गॅसवाल्याला सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं, त्यानं विचारलं, "फिर दूध बढाऊँ?" तर म्हणाल्या, "हौ, आणि चहाचं वेगळं."

दिवाळीच्या जेवणाला त्या बडा खाना म्हणतात, पलटणीत म्हणतात तसं. बडा खाना म्हणजे जे कोणी घरापासून लांब अडकलेत त्यांनी सगळ्यांनी यायचं. आणि त्या वर्षी अडकलेले भरपूर होते. राज्याचे दोन भाग होणार, नाही होणार, झालेच, थांबले, असं रोज चालू होतं. आज हा बंद, उद्या तो बंद, बसचा भरवसा नाही. माझ्या वर्गातल्या हॉस्टेलच्या पोरी गावी जाऊ शकत नव्हत्या. त्यातल्या दोघी, सुजाता आणि माधवी, माझ्या एकदम खास. सुजाता करीमनगरची, तिला वेगळं राज्य हवं; माधवी कर्नूलची, तिला नको; दोघी एकाच खोलीत राहायच्या आणि राज्यावरून इतक्या भांडायच्या की दोन पलंगांच्या मधे त्यांनी ओढणी बांधली होती.

मी दोघींना फराळाच्या मदतीला काकूंकडे घेऊन गेले. चकलीचं पीठ मळता मळता पुन्हा सुरू. माधवी म्हणाली, "आंटी, आप बोलो. अच्छा-भला राज्य कायकू काटना?"

काकू लगेच, "बरोबर. कापायचं नाही, दुमडायचं."

सुजाता म्हणाली, "आंटी, ये एक कपडा थाच नै. दो थे. किसी ने जोड के सिलाई मार दी थी."

काकू थांबल्या. सोऱ्या हातात, विचार करतायत. मग म्हणाल्या, "असं असेल तर उसवा. पण हल्लू उसवा, दोन्हीकडचं कापड फाटायला नको." दोघींना वाटलं आपण जिंकलो, आणि तासभर शांतता.

त्या शांततेत काकूंनी सुजाताला मशीनवर बसवलं. तिला शिवता येतं. समोर काकांचा कुडता, पांढरा, टेलरकडून कापून आलेला, खडूची रेघ मारलेली. काकू स्वयंपाकघरात चकल्या तळत होत्या, तिथूनच ओरडल्या, "दोन्ही बाजूंनी माया सोड आणि टीप मार."

माधवी मला हळूच म्हणाली, "माया अंटे इल्युजन कदा?" तेलुगूत माया म्हणजे नुसता भास. मी म्हटलं, गप, शिवणीतली माया वेगळी, आणि ती सोड म्हणजे ठेव. हे मी सुजाताला सांगायला हवं होतं. पण मला काय माहीत तिनं काय ऐकलं.

तिनं ऐकलं, माया छोड.

छोड म्हणजे सोडून दे. नको. काढून टाक. पोरगी आज्ञाधारक. तिनं दुधाच्या पिशव्या कापायची कात्री उचलली, खडूच्या रेघेबाहेरचं चार-चार बोटं कापड दोन्हीकडून साफ कापून टाकलं आणि मग आत घेऊन छान सरळ टीप मारली. काकू झारा घेऊन बाहेर आल्या तेव्हा कुडत्यात काकांचा एक पाय कसाबसा गेला असता, आणि जमिनीवर लांब लांब पांढऱ्या पट्ट्या.

"हे काय?"

"आपच बोले ना आंटी, माया छोड. मैं छोड दी."

माधवीनं सोन्यासारखी संधी सोडली नाही. "एक कुर्ता बाँटने को नै आया, राज्य बाँटने निकले."

"तेरेकू कौन पूछा?" असं म्हणेपर्यंत सुजाताच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आता काकू फुटणार. ज्या घरात साधी नाडी कापायला बंदी, तिथं काकांचा कुडता.

काकू खाली बसल्या. एक एक पट्टी उचलली, मांडीवर सरळ केली, गुंडाळली. मग एकदम साध्या आवाजात म्हणाल्या, "राहू दे गं. ह्या दिवाळीला घालायचा नाहीये तसाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"सुट्टी रद्द झाली. सकाळी फोन आला होता." आणि सुजाताकडे वळून, "तू रडू नको. टीप बाकी एकदम सरळ आलीय. चकली खा."

सकाळपासून ही बाई आमच्याशी हसत होती, दोन घाणे चिवडा, करंज्या, सगळं केलं होतं, आणि सुट्टीबद्दल तोंडातून एक शब्द नाही. मग त्यांनीच विचारलं, "रेवती, हॉस्टेलात अजून कोण कोण अडकलंय?"

मी नावं सांगायला लागले.

"सगळ्यांना आण. पण जोरात बोलणाऱ्या आण. पुटपुटणारी एकही नको."

"का?"

"बडा खाना आहे. लायब्ररी नाही."

दिवाळीच्या दिवशी मी दहा-बारा जणींचं भांडखोर मंडळ घेऊन वर गेले. काकूंनी दारातच रांगेत फॉल इन करायला लावलं आणि प्रत्येकीच्या हाताला उटणं लावलं. बगारा भात, पुऱ्या, श्रीखंड, मिरचीचं सालन, आणि माधवी रुसू नये म्हणून तिच्याकडची गोंगुराची, म्हणजे अंबाडीची चटणी. आई-बाबा पण आले. बसायला जागा नाही, पोरी खिडकीत, पलंगावर, मशीनच्या स्टुलावर.

पंगत अर्धी झाली आणि फोन वाजला. काकूंनी पदराला हात पुसले, फोन स्पीकरवर टाकला आणि पळीनं आम्हाला खूण केली, बोला. म्हणजे सगळ्यांनी एकदम बोला. आम्ही बोललो. काय बोललो देवाला माहीत, तीन भाषांमधे हॅपी दिवाळी.

पलीकडून काका, "अरे बाप रे. किती जण आहेत?"

"मोजत बसू का आता? पाय ठेवायला जागा नाही," काकू म्हणाल्या.

"बरं झालं. मला वाटलं, तू एकटीच..."

"मी आणि एकटी? ह्यांना हाकलताना नाकी नऊ येतायत मला."

मधेच सुजाता फोनजवळ सरकली. तिला राहवलं नाही. "अंकल, मैं आपका कुर्ता काट दी."

पलीकडून काका, "मंदानं काटने दिया?" आणि असे हसले, असे हसले, की बाबांच्या हातातली पुरी पडली. काकू पण हसल्या. मग स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि आत गेल्या.

थोड्या वेळानं मी लोणचं आणायला आत गेले. काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. "हो. हो, सगळ्या जेवल्या. मी पण जेवले की, पहिल्या पंगतीला." मी बरणीसाठी अगदी शेजारी हात घातला, तेव्हा फोनमधून टूं टूं टूं ऐकू आलं. लाइन कधीच कट झाली होती. काकूंनी मला बघितलं. तरी थांबल्या नाहीत. "बरं. कानटोपी घालत जा. ठेवते." फोन ओट्यावर ठेवला, पालथा.

बाहेरचा हशा संपला होता, पोरी खाली मान घालून जेवत होत्या.

"शांत का झाल्या गं सगळ्या?" काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "जा. काहीतरी भांडण लाव."

मी बाहेर आले, लोणच्याची बरणी मधोमध ठेवली आणि विचारलं, "बरं, ते सगळं ठीक आहे, पण हैदराबाद कुणाला मिळणार?"

सुजाता उभी राहिली. माधवी तिच्या आधी उभी राहिली. दहा जणी एकाच वेळी बोलायला लागल्या, बाबा पण घुसले, आई बाबांना खाली ओढायला लागली, खालच्या मजल्यापर्यंत आवाज गेला असणार. आत काकूंनी नळ सोडला. बराच वेळ तो वाहत होता, भांडं मात्र एकही वाजलं नाही, आणि मी मधून मधून भांडणात तेल ओतत राहिले.