कापणार नाही

शालिनीताईंच्या घरी गेलात तर पाण्याआधी रेकॉर्डर समोर येतो. "नाव सांगा, गाव सांगा. मग खरं बोला." एकदा नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर खडवलीचा निघाला. ताईंनी त्याच्याकडून गावातल्या पुराचे किस्से दोन तास काढून घेतले. तो खुशीत निघून गेला. नळ गळतच राहिला.

वर्तकनगरच्या आमच्या जुन्या वसाहतीत राहणाऱ्या या निवृत्त शिक्षिका. हे सगळं कशाला, असं मी एकदा विचारलेलं. म्हणाल्या, "इतिहास काय फक्त पुतळेवाल्यांचाच असतो का रे?"

इमारती पाडायचं ठरलं, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात ऐकवायला दहा मिनिटांच्या आठवणी जुळवायचं काम सोसायटीच्या अध्यक्षांनी त्यांना दिलं. ताईंनी पहिलाच आवाज घेतला पार्वतीबाईंचा. पार्वतीबाईंनी तीस वर्षं आमचे जिने झाडले. त्या बोललेल्या, "गणपतीच्या जेवणाची भांडी मी घासली. पण पंगतीला बस, असं कोण बोललंच नाय."

अध्यक्ष म्हणाले, "ताई, जरा गोड आठवणी घ्या ना. हे तेवढं कापा."

"कापणार नाही."

"लोकांना वाईट वाटेल."

"वाटू दे. वाटायला उशीरच झालाय."

कार्यक्रमात पार्वतीबाईंचा आवाज सुरू झाला आणि कोणीतरी स्पीकर बंद केला. ताई उठल्या. माईक नव्हताच, पण चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारा आवाज होता. उरलेली हकीकत त्यांनी शब्दन् शब्द म्हणून दाखवली. मग माझी आई उठली, मागे उभ्या असलेल्या पार्वतीबाईंचा हात धरून तिने त्यांना जेवणाच्या पंगतीत पहिल्या पानावर बसवलं. अध्यक्षांच्या हातात जिलबीचं ताट होतं. त्यांनाच वाढावं लागलं.

पुढच्या आठवड्यात मी ताईंचं सामान बांधायला गेलेलो. त्या कानात इअरफोन घालून खोक्यावर बसलेल्या. त्यांनी एक माझ्या कानाला लावला. त्यांच्या यजमानांचा आवाज होता. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. "अगं, माझं काय रेकॉर्ड करतेस? भाजी करपतेय बघ." पुढे काहीच नाही.

"एवढाच?" मी विचारलं.

"एवढाच," ताई म्हणाल्या. "मी भाजी बघायला उठले ना."